कामाचा जामीन

सर, आमच्या गावच्या रिक्षा स्टँडवर तुमचा बोर्ड लागलाय. मी काही केलं नाही, गावाने परस्पर लावला. वर तुमचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत ‘जामीनवाले शेटे साहेब यांना भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली ‘समस्त महिला मंडळ’. फोटो मासळीच्या ओट्यांच्या उद्घाटनाच्या दिवशीचा आहे. शेजारच्या माणसाला कापून फक्त तुम्हाला ठेवायचं होतं, पण छापणाऱ्याला ते नीट जमलेलं नाही. तुमच्या खांद्यापाशी कुणाचा तरी हात राहून गेलाय आणि त्या हातात पापलेट आहे. जन्मात कधी अंड्याचा केकसुद्धा न खाल्लेल्या माणसाच्या कानाशी पापलेट!

परवा दोन पाहुणे त्या बोर्डाखाली उभे होते. एक म्हणाला, “कोण होता रे हा?” दुसरा म्हणाला, “वकील असेल. कोर्टात जामीन राहात असेल.” मी त्यांना सांगायला गेले नाही. सांगायचं तर पार मुळापासून सुरुवात करावी लागली असती, आणि रिक्षा भरली होती.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. ऑफिसने मला तुमच्यावर पानभर लिहून मागितलंय. मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा ‘कै. शेटे सर हे’ एवढं लिहून थांबले. ‘हे’च्या पुढे काय लिहायचं ते सुचेना. तुमच्याबद्दल दुसऱ्या कुणाला सांगणं मला जमत नाही. तुमच्याशी भांडायची सवय आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते.

आपलं काम काय हे मी पहिल्यांदा आईला समजावलं ते आठवतं? मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं होतं. आई म्हणजे सातपाटीच्या शेजारच्या आमच्या लहानशा गावात पंचवीस-तीस वर्षं मासळी सुकवणारी बाई. तिला मी म्हटलं, ठेकेदार सरकारी काम घेतो, तो काम अर्धं टाकून पळाला तर काय करायचं? तर आपली विमा कंपनी आधीच लिहून देते की तो पळाला तर आम्ही बघून घेऊ. असं लिहून द्यायचं की नाही, ते आमचे शेटे सर ठरवतात. आईने जवळा निवडता निवडता विचारलं, “म्हंजे दुसरीच्या नवऱ्याची हमी तुमी घेता?” तुम्ही ते वाक्य डायरीत टिपून घेतलंत आणि मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या स्लाइडवर टाकलंत. मुंबईचे साहेब हसले नाहीत. तुम्हाला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

बॉण्डचं हे काम आपल्या कंपनीत नवीन सुरू झालं तेव्हा तुम्हाला मुंबईत केबिन देत होते. तुम्ही बोईसरची ती शाखा धरून बसलात. खाली वेल्डिंगचं दुकान, वर आपण. तोवर मी तारापूरच्या कारखान्यांच्या आगीच्या विम्याच्या पॉलिसी करत होते. तुम्ही मला तुमच्या टेबलासमोर आणून बसवलंत आणि पहिल्याच दिवशी म्हणालात, “ताळेबंद शेवटी वाचायचा. आधी साइटवर जाऊन संडास कुठे आहे ते विचारायचं.” मला वाटलं तब्येतीची काही अडचण असेल. मग कळलं की हीच तुमची परीक्षा. ठेकेदार धावतपळत स्वतःच्या ऑफिसातला दाखवायचे. “मला नको हो, मजुरांचा कुठाय?” तो नसला की फाईल परत. एकाला हे आधी कळलं, त्याने आदल्या दिवशी पत्र्याचा संडास उभा केला. तुम्ही आत गेलात, बाहेर आलात आणि गंभीरपणे म्हणालात, “छान आहे. आता खाली खड्डाही खणा.” तीही फाईल परत.

दुसरा प्रश्न, “तुमचं फसलेलं काम दाखवा.” माझं एकही काम फसलेलं नाही असं म्हणणाऱ्याला तुम्ही चहा पाजून वाटेला लावायचात. जगदीश राऊत तुम्हाला आवडला तो याच प्रश्नावर. कुंभवलीचा लहान ठेकेदार, हिशेबाच्या वह्या अशा की बघून आपल्यालाच घाम फुटावा. पण प्रश्न ऐकल्याबरोबर त्याने तुम्हाला स्कूटरवर मागे बसवलं आणि एका कारखान्याच्या कुंपणाच्या भिंतीपाशी नेलं. भिंत सरळ होती. “ही दुसरी,” राऊत म्हणाला. “पहिली कलली होती. मालकाला कळलं नव्हतं. मीच पाडली.” मग पहिली का कलली यावर तो उन्हात तासभर बोलला आणि तुम्ही तासभर ऐकलंत. मी सावली शोधत होते.

त्याला बॉण्ड हवा होता तो नेमका माझ्या गावच्या कामासाठी. मासळी सुकवायचे सहा सिमेंटचे ओटे आणि लिलावाची एक शेड. मी रीतसर लिहून दिलं की हे माझं गाव आहे, माझी आई तिथे काम करते. तुम्ही फाईल माझ्या समोरून उचललीत. “आता या कामावर तू एक अक्षर बोलायचं नाहीस.” मी एक अक्षर नाही, दोन तास बोलले.

“सर, त्याने एवढी मोठी शेड कधी बांधलेली नाही.”

“तो खोटं बोलत नाही.”

“खोटं न बोलताही शेड पडते, सर!”

तुम्ही सही केलीत. त्यानंतर दोन दिवस आपण बोललो नाही. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना मेल पाठवत होतो. ‘कृपया पंखा एक नंबरने कमी करावा.’ ‘विनंती विचाराधीन आहे.’ शिपाई मामा मधे उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचे.

आणि फेब्रुवारीत काम थांबलं. जुने ओटे आधीच तोडून झालेले, नवे वीतभरच उठलेले, आणि राऊतचा फोन बंद. बायका रस्त्याच्या कडेला जाळी अंथरून मांदेली सुकवू लागल्या. वरून डंपर जायचे. आईने फोन करून मला सांगितलं, “तुज्या साहेबाला इचार, धुरळ्यातली मासली तो खानार काय?” मी म्हटलं, तो कुठलीच खात नाही. आई म्हणाली, “मंग त्याला काय कललं!”

काम देणाऱ्या सरकारी खात्याची नोटीस आली. मुदतीत काम सुरू झालं नाही तर बॉण्ड वसूल. तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. तुम्ही नोटीस वाचलीत, घडी करून खिशात ठेवलीत आणि मला म्हणालात, “चल, पळालेला माणूस घरी आहे का बघू.”

कुंभवलीला राऊतच्या दारात त्याची बायको उभी राहिली. “ते घरात नाहीत.” त्याच क्षणी आतून खोकला आला. तुम्ही शांतपणे चपला काढल्यात.

“असू दे, वहिनी. नसलेल्या माणसांची वाट बघायची आम्हाला सवय आहे. चहा मात्र दोनच कप टाका, ते नाहीत तर त्यांना नको.”

थोड्या वेळाने आतून आवाज आला, “माझाही टाक.”

राऊत बाहेर आला. दाढी वाढलेली. खाली बघून म्हणाला, “साहेब, शेडचे दोन खांब बसले. खाली खारं पाणी लागलं, वाळू सरकली. वरून प्लास्टर मारलं असतं तर कुणाला दिसलं नसतं. मला ते बघवेना. तोडले. मग मजुरांना द्यायला काही उरलं नाही, ते गेले. बायका विचारायला लागल्या. मी फोन बंद केला.”

एवढ्या वर्षांत तुम्हाला चिडलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं. आवाज चढला नाही, पण अर्धा चहा तसाच ठेवून तुम्ही कप बाजूला सारलात. “खांब खचला तर मी काहीतरी करू शकतो. तू फोन बंद केलास तर मी काय करू? मी तुझ्या खांबांचा जामीन राहिलो नव्हतो, राऊत. तू फोन उचलशील, याचा राहिलो होतो.”

राऊत रडायला लागला. त्याच्या बायकोला काय करावं सुचेना, तिने खारी आणून ठेवली. तुम्ही दोन खाल्ल्यात.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मी म्हणाले होते.”

“तू म्हणालीस शेड पडेल. शेड पडलेली नाही. ती उभीच राहिलेली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

मुंबईच्या साहेबांशी तुमचं बोलणं झालं ते स्पीकरवर. पैसे भरून टाका, फाईल बंद करा, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही म्हणालात, “पैसे भरले तर खात्याला चेक मिळेल, बायकांना ओटे मिळणार नाहीत. नवीन निविदा निघेपर्यंत वर्ष जाईल. माणूस कामाचा आहे, आपण सामान पुरवू, मी स्वतः उभा राहतो.” तिकडून आवाज आला, “तुमच्या या मंजुरीबद्दल आमच्याकडे आधीच शंका आलेली होती, शेटे.” तुम्ही खिडकीकडे बघितलंत. “असेल,” तुम्ही म्हणालात. “शंका असलेली बरी. मला मे अखेरपर्यंत वेळ द्या. झालं नाही तर दोष माझा, तसं लेखी देतो.” आणि खरंच दिलंत. निवृत्तीच्या तोंडावर, एका कुंभवलीच्या माणसासाठी.

मग तुम्ही आमच्या गावात येऊन बसलात. काखेत छत्री, पिशवीत डबा आणि पातळी तपासायची ती पाण्याच्या बुडबुड्याची छोटी पट्टी, आणि मच्छीमार सोसायटीची निळी प्लास्टिकची खुर्ची. सुरुवातीला नाकाला रुमाल. गवंडी म्हणायचा, “साहब, लेवल एकदम बराबर है, आप बैठो ना.” तुम्ही बसायचात आणि लगेच उठून पट्टी लावून बघायचात.

गावात आधी तुम्हाला इंजिनीयर समजले, मग राऊतचा सासरा. शेवटी कुणीतरी मला विचारलं आणि मी सांगितलं, ते या कामाला जामीन राहिलेत. झालं! दुसऱ्या दिवशी हिरूबाय तुमच्या खुर्चीपुढे येऊन बसली. मी त्या दिवशी सुट्टीवर होते, म्हणून हे मला प्रत्यक्ष ऐकायला मिळालं.

“साहेब, माज्या भावाला पोलिसांनी धरलाय. मोटारसायकलचा कायतरी लफडा हाय. तुमी जामीन देता ना? त्याला सोडवा.”

“बाई, मी माणसाला जामीन राहात नाही. मी कामाला जामीन राहतो.”

हिरूबायने अर्धवट ओट्यांकडे पाहिलं. “म्हंजे कामाला अटक झाली हाय?”

तुम्ही विचार केलात. तुम्हाला खोटं बोलता येत नसे. “हो. तसंच म्हणा.”

“कवा सुटंल?”

“मेमध्ये.”

संध्याकाळपर्यंत ही बातमी अख्ख्या गावात. त्या दिवसापासून बंदराकडून टोपल्या घेऊन येणारी प्रत्येक बाई लांबूनच ओरडायची, “काय साहेब, आमचा ओटा सुटला का?” आणि तुम्ही तारीख पडल्यासारखं सांगायचात, “दोघे सुटले, चार आत आहेत!” हिरूबायच्या भावासाठी पालघरला वकील तुम्हीच शोधून दिलात, त्यामुळे गैरसमज कायमचा पक्का झाला.

आईने तुमच्यासाठी वेगळं पातेलं काढलं. तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी. तुम्ही तीनदा विचारलंत की डाव वेगळा आहे ना. आई म्हणाली, “साहेब, तुमी हितं हवा घेता ती पन मासलीचीच हाय. नाय खायचा तर रावद्या.” तुम्ही तीन भाकऱ्या खाल्ल्यात. महिन्याभराने रुमाल गेला. एप्रिलमध्ये तुम्ही रस्त्याकडेच्या जवळ्याशी थांबून, लांबूनच वास घेऊन, “याला अजून एक ऊन पाहिजे,” असं बायकांना सांगू लागलात. बायका हसायच्या. पण आई मला घरी म्हणाली, “न खाता त्याला कललं कसा गो? बरोबर बोलला.”

राऊत रोज सकाळी सातला यायचा. फोन शर्टाच्या वरच्या खिशात, आवाज पूर्ण चढवलेला. त्याने शेडचे खांब खोल नेले, तीन वेळा पाणी उपसलं. एकदा तुम्ही दोघं खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून खाली बघत होतात, जसं काही विहिरीत कुणी पडलंय. मी विचारलं काय झालं. तुम्ही म्हणालात, “काही नाही. बघतोय फक्त.” मी त्या दिवशी परत ऑफिसला गेले तेव्हा रस्ताभर मला वाटत होतं की आपण या माणसावर अन्याय केलाय. कुठल्या माणसावर, राऊतवर की तुमच्यावर, हे मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

मे संपायच्या आत सहाही ओटे सुटले, शेडही उभी राहिली. उद्घाटनाला तुम्ही सगळ्यात मागे उभे होतात. बायकांनी ओढत पुढे आणलं, तेव्हाचा तो पापलेटवाला फोटो. राऊतने भाषण करायला नकार दिला आणि मग अर्धा तास खाऱ्या पाण्यावर बोलला.

आता चौथ्या ओट्याचं. सर, त्याच्या मध्यावर पाणी साचतं. मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

“साचत नाही. थांबतं. मग जातं.”

“वाळून जातं, सर. वाहून नाही.”

निवृत्तीनंतरही हे भांडण चालू राहिलं. बोईसरहून घरी जाताना मी दर मंगळवारी पालघरला तुमच्याकडे थांबायचे. तुम्ही पेपरातल्या निविदांच्या जाहिराती लाल पेनाने वाचत बसलेले. यातला कोण पळेल हे सांगणं हा तुमचा नवा छंद. काकू म्हणायच्या, दुसऱ्यांचे नवरे शब्दकोडी सोडवतात. मी गेले की काकू पोहे टाकायच्या आणि आपण चौथा ओटा काढायचो. एकदा तर तुम्ही पट्टी घेऊन माझ्याबरोबर गावी आलात, ओट्यावर पालथे झोपलात आणि डोळा जमिनीला लावून पाहिलंत. उठल्यावर शर्टावर मांदेलीचे खवले. “थोडा उतार कमी आहे,” तुम्ही म्हणालात. मी आनंदाने काही बोलणार तोच पुढचं वाक्य आलं, “पण तो मुळात जमिनीचा दोष आहे.”

ज्या दिवशी तुम्ही गेलात, त्या दिवशी जेवण झाल्यावर काकूंना म्हणालात, पाच मिनिटं पडतो. काकू मला सांगताना एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, “आयुष्यात पहिल्यांदा दिलेली वेळ पाळली नाही गं.” आम्ही दोघी हसलो आणि मग ते हसणं आम्हाला आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

तुम्हाला न्यायची तयारी चालली होती तेव्हा राऊतचा फोन वाजला. मोठ्याने, कसलंसं नाचाचं गाणं. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे रागाने पाहिलं. त्याने तिथल्या तिथे उचलला, हळू आवाजात म्हणाला, “हो, बोला. मी शेटे साहेबांकडे आहे,” आणि ठेवला. कुणाला ते बरं वाटलं नाही. मला वाटलं, जाऊन त्याच्या पाया पडावं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आपण ज्या दोन दिवसांत बोलत नव्हतो, त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवायला गेलात आणि मी मुंबईला एक मेल पाठवली. राऊतची मंजुरी चुकीची आहे असं लिहिलं. माझं गाव असल्याने या फाईलवर बोलायचा मला अधिकार नाही, हे मी स्वतः लिहून दिलं होतं, तरी पाठवली. मुंबईच्या साहेबांकडे ‘आधीच आलेली शंका’ ती माझी होती. स्पीकरवर ते वाक्य आलं तेव्हा मी तुमच्यासमोर बसून स्टेपलरमध्ये पिना भरत होते. भरलेल्या स्टेपलरमध्ये. तुम्ही खिडकीकडे बघितलंत आणि मी सुटले असं मला वाटलं.

गेल्या आठवड्यात काकूंना मदत करायला गेले होते. त्या तुमचे शर्ट काढून ठेवत होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मानही वर केली नाही.

“ठाऊक होतं त्यांना.”

“कधीपासून?”

“तो मुंबईचा फोन आला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या साहेबांनी मेलच वाचून दाखवली, नाव न सांगता. घरी येऊन मला म्हणाले, ‘ठेकेदाराचा अनुभव तोकडा आहे’ असं लिहिलंय. आमच्या ऑफिसात तोकडा हा शब्द एकटी तीच वापरते.”

“रागावले होते?”

“दोन दिवस. जेवले नीट, पण बोलले नाहीत. मग तिसऱ्या दिवशी म्हणाले, माझ्याविरुद्ध लिहिण्याइतकी ती तयार झाली. चुकीच्या जागी लिहिलं, पण लिहिलं. त्याच आठवड्यात तुझं नाव त्यांच्या जागेसाठी पाठवलं.”

मी त्या शर्टांच्या ढिगाशेजारी बसले. “मग मला एकदाही काही म्हणाले का नाहीत?”

काकूंनी एका शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली. “तू आपण होऊन सांगशील, असं त्यांचं म्हणणं. दर मंगळवारी तू गेलीस की दार लावता लावता म्हणायचे, ‘आजही नाही.’ आणि हसत आत यायचे.”

किती मंगळवार झाले असतील सर? प्रत्येक मंगळवारी मी पोहे खाल्ले, चौथ्या ओट्यावर भांडले, चपला घातल्या आणि गेले. तुम्ही माझ्यासाठी दारात उभे राहून हात हलवायचात. मला वाटायचं, निवृत्त माणूस, कंटाळा येत असेल, म्हणून दारापर्यंत येतात.

आज मंगळवार आहे. सर, ती मेल मी पाठवली होती.